टरफलं मागायला आलेल्या मॅडम

"फेकू नका, मले पाहू द्या," असं म्हणत मॅडम आधी टाकाऊ वस्तूचा वास घ्यायच्या. अकोल्याच्या एका कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत. पण तुम्ही त्यांचे हात पाहिले असते, तर बाई कोळशाच्या वखारीत कामाला आहेत असंच म्हणाला असता.

मी तेव्हा तेल्हाऱ्याजवळ बायोडिझेलच्या कारखान्यात घाण्यावर होतो. कपाशीनं दगा दिलेली ती वर्षं. बांधावर मोगली एरंड लावा, असं जो तो सांगत होता. बियांचं तेल निघे, मागे टरफलांचा ढीग उरे. विषारी म्हणून गुरं तोंड लावत नसत. मालक तो ढीग उचलणारा माणूस शोधत होते आणि या बाई एसटीच्या टपावरून न्यायला दोन पोती मागत आल्या!

त्यांनी झाकणाच्या ड्रममध्ये टरफलं भाजून कोळसा केला. मग माझ्यासमोर बादलीभर पाण्यात डिझेल ओतलं आणि कोळशाची पुरचुंडी फिरवली. तिनं डिझेल तेवढं शोषून घेतलं. मी कौतुक करायला लागलो तर म्हणाल्या, "बादली आहे ही, भाऊ. बादलीत सगळंच जमते."

पुढे शेजारच्या गावापाशी टँकर उलटला आणि डिझेल नाल्यावाटे विहिरीत उतरलं. खारपाणपट्ट्यातलं गाव, गोड्या पाण्याची तेवढी एकच विहीर. सरपंचबाई ती बुजवायलाच निघाल्या होत्या. मी मॅडमना फोन केला. बायकांनी जुन्या मच्छरदाण्या फाडून पिशव्या शिवल्या. कोळसा भरून आम्ही त्या दोरानं सोडायचो, जड झाल्या की काढून वीटभट्टीत जाळायला पाठवायचो.

आठवड्यात पाणी नितळ दिसू लागलं. मॅडमनी बाटलीत घेऊन वास घेतला. "धुण्याले घ्या. प्यायले नाही."

सरपंचबाई नाराज झाल्या. "डोळ्याले तं साफ दिसून राह्यलं."

"डोळ्याले दिसत नाही तेच पोटात जाते, बाई."

मग दर रविवारी मॅडम यायच्या. पाणी उपसायला लावायच्या, नव्या पिशव्या सोडायच्या, बाटली भरून तपासायला न्यायच्या. 'बाटलीवाली बाई' म्हणून गाव हसायचं, त्याही हसायच्या.

बिया मिळेनात म्हणून कारखाना पुढे बंद पडला. मॅडमही आता नाहीत. पण त्या एका रविवारचं सांगायलाच हवं. बाटलीऐवजी हातात तपासणीचा कागद घेऊन त्या आल्या, बादली ओढायला लावली आणि आम्ही कोणी पुढे व्हायच्या आत पेला भरून प्यायल्या. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे पाहत उभं.

मॅडमनी पदरानं तोंड पुसलं आणि पेला सरपंचबाईंपुढे धरला.

"अजून एक द्या. उन्हातून आली मी."