पाइपातला सूर

काल लेकीनं व्हायब्राफोनचा एक जॅझ अल्बम लावला. "आई, जुन्या उस्तादांच्या आठवणीत वाजवला हाय." धातूच्या पट्टीवर मऊ टोला पडला, सूर थरथरत लांबला आणि मी थेट मंगरूळपीरजवळच्या आमच्या कोबीच्या वावरात पोचले.

आई स्प्रिंकलरचा प्रत्येक अ‍ॅल्युमिनियमचा पाइप जोडण्याआधी खुरप्याच्या मुठीनं वाजवायची.

"काहून वाजवत बसली वं? लाइन जाईन, मोटर बंद पडन!" एक दिवस बाबा ओरडले.

"आत जीव असन, त्याले निघू द्या."

टुणकन बेडूक बाहेर आला. बाबाही हसले. पाइप मात्र कोबीच्या गार पानांवर गुणगुणतच राहिला. आईचं ते वाजवणं मला तेव्हा नुसता खोळंबा वाटायचं.

"कसं वाटलं?" लेकीनं विचारलं.

"लय मस्त. फक्त त्या उस्तादांत तुया आजीचं नाव राहून गेलं."