गोड्या पाण्याची बादली

ही हकिगत सांगायचं मी नऊ वर्षं टाळत आलो. तुमचा मेहुणा हल्ली येत का नाही, असं कुणी विचारलंच तर मी हात झटकून म्हणायचो, "त्याचं त्याला ठाऊक." ऐकणारा मान हलवायचा. मी बोललो म्हणजे खरंच असणार, असं आमच्या भागात धरून चालतात. त्या मान हलवणाऱ्यांचा मला आता राग येतो. एकानं जरी उलटून विचारलं असतं तरी मी तेव्हाच उघडा पडलो असतो.

घोडेगावच्या बाजारात मी चाळीस वर्षं जनावरांची दलाली केली. भाव टॉवेलाखाली बोटं धरून ठरायचा, पण त्याआधी मी जनावराची खोड सांगून टाकायचो. म्हैस लाथाडी आहे, बैल ओझ्याला बसतो, गायीचा एक सड बंद आहे, जे असेल ते. विकणारा शिव्या द्यायचा, घेणारा पुढच्या वेळी मलाच शोधत यायचा. खोड लपवून जनावर गळ्यात मारणं याहून वाईट काम आमच्या धंद्यात नाही. या खरेपणाचा मला माज होता. तो चांगला गुण होता असं मी आता म्हणणार नाही.

मेहुणा माझ्या बायकोचा एकुलता भाऊ, तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. झेडपीचा शिक्षक. नोकरी लागली ती दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात, आणि गडी तिथंच रुतला. बदली मागितली नाही, लग्न केलं नाही. आईबाप गेल्यावर बायकोला माहेर म्हणून तो एकटाच उरला होता. दर भाऊबीजेला एसटीनं रात्रभर प्रवास करून यायचा, कोकमं आणि सुके मासे घेऊन. आमचं घर माळकरी. माशांची पिशवी मी गोठ्यात टांगायला लावायचो आणि त्याला 'मास्तर' म्हणायचो, ते आदरानं नव्हे.

मी बाजार सोडल्यावर बायकोनं धरणं धरलं. "एकदा तरी माझ्या भावाचं घर बघा. तिकडं काय वाघ हाय का?" शिमगा झाल्यावर आम्ही गेलो, दोन आठवड्यांसाठी.

पहिल्याच सकाळी त्यानं मला खडकावर नेलं आणि हातात एक काठी दिली. साडेसहा फुटांची, पिसासारखी हलकी, शेंड्याला तर खराट्याच्या काडीएवढी. खाली मुठीत मावेल एवढं रीळ.

"मास्तर, ही काय बैलाला टोचायची काठी हाय का?"

"बैल तुम्हीच आहात, दाजी. मासा बघा."

आमिष नव्हतं, म्हणून तर मी तयार झालो. जीव असलेलं काही गळाला टोचायचं नव्हतं, आणि मिळालेला मासा परत सोडायचा होता. माळेला बाध नाही, असं बायकोनंच ठरवून टाकलं. केसासारखा बारीक दोरा, त्याच्या टोकाला हातभर पारदर्शक तार, आणि तिला दोन ग्रॅम शिशाचं डोकं असलेला गळ. गळावर बोटाच्या पेराएवढी रबराची मासळी. याला अल्ट्रालाइट म्हणतात, हे त्यानं मला वर्गात सांगावं तसं सांगितलं. खांद्यानं फेकायचं नाही, मनगटानं. पडल्यावर बुडू द्यायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं, मग शेंडा हलकेच दोनदा उचलायचा आणि थोडं गुंडाळायचं. तेवढ्यानं रबर जिवंत होतं.

"एवढ्या काडीवर कोणता मासा येणार?"

"मोठा पाहिजे असेल तर बाजारात मिळतो. इथं तो हाताला कळला पाहिजे. आणि ड्रॅग, म्हणजे रिळाचा ताण, आवळू नका. पळाला तर पळू द्या. तुम्ही सगळं धरून ठेवायला जाता, म्हणून तुटतं."

हे तो दोऱ्याबद्दल बोलत होता, पण मला टोमणा लागला.

पहिले दोन दिवस माझ्या गळानं खडक धरला, माझी टोपी धरली आणि एकदा त्याच्या सदऱ्याची बाही. तिसऱ्या दिवशी भरती वळायच्या वेळी, खडक संपून वाळू लागते तिथं फेकलं आणि पाचपर्यंत मोजायच्या आत मनगटात काहीतरी थरथरलं. थेट कोपरापर्यंत आलं ते. वीतभर मुडदुशी, चांदीच्या सुरीसारखी. चाळीस वर्षं मी हत्तीसारख्या म्हशींच्या वेसणी धरल्या, पण त्या वीतभर माशानं माझा हात हलवला तसा कशानंच हलवला नव्हता. मी ओरडलोच. बायको वरच्या झाडाखाली बसली होती, ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अवो, पडाल! केवढे नाचताय!" मेहुणाही हसला. हा आनंद त्याच्या हातून मिळाला, हे मला सोसलं नाही. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा एवढंच कळत होतं की मला त्याचा राग आला आहे.

आता बादलीचं. रोज संध्याकाळी परत आलो की परसदारी गोड्या पाण्याची एक बादली भरलेली असायची. खारं पाणी रिळात सुकलं की आतले धातूचे भाग खातं, म्हणून रीळ रोज गोड्या पाण्यानं धुवायचं, पुसायचं, सावलीत वाळवायचं. "एवढा एक नेम पाळा दाजी. बाकी सगळं चुकलं तरी चालेल." तो स्वतःचं रीळ माझ्यासमोर धुवायचा आणि स्वयंपाकाला आत जायचा. त्याची विहीर शिमग्यापासून मचूळ झालेली. गोडं पाणी डोंगराकडच्या झऱ्यावरून तो खांद्यावर आणायचा, ते मी डोळ्यांनी बघत होतो.

आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो. अंघोळीचं पाणी म्हशीला, भांड्यांचं पाणी झाडाला. पिण्याचं पाणी एका चक्रावर ओतायचं, हे माझ्या हातून होईना. मी रीळ कोरड्या टॉवेलानं पुसलं आणि बादली परत पिण्याच्या पिंपात ओतली. आतून आवाज आला, "धुतलं का, दाजी?"

"धुतलं."

पहिल्या दिवशी ती सवय होती. दुसऱ्या दिवसापासून ती सवय नव्हती. मास्तरनं घालून दिलेला नेम मी मोडतोय आणि त्याला पत्ता नाही, यात मला मजा वाटत होती. तेव्हा दुष्काळी मुलखातला माणूस म्हणून माझी कीव करायला कुणी येऊ नये. बारा दिवस मी ती बादली ओतली आणि बारा वेळा 'धुतलं' म्हणालो.

निघताना त्यानं ती काठी आणि रीळ मला देऊन टाकलं. नवं होतं ते मला दिलं, जुनं स्वतःकडे ठेवलं. "धरणावरही चालेल," म्हणाला. घरी आल्यावर मी ते गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं. पोरांच्या खेळण्यासारखी काठी घेऊन गावातून जायची मला लाज वाटत होती.

त्या वर्षी भाऊबीजेला तो आला तेव्हा आमच्या मुलीच्या सासरची माणसंही घरी होती. चहा होतो न होतो तोच म्हणाला, "काढा दाजी काठी. दुपारी मुळा धरणावर जाऊ." काठी काढली. रिळाची मूठ फिरेना. सांध्यांवर पांढरा-हिरवा थर धरलेला. मी जोर लावला, व्याह्यांनी लावला. मग व्याही हसत म्हणाले, "काय पाव्हणं, दलालालाच कुनी गंडवलं काय?"

सगळे हसले. त्या हसण्यानं माझी जीभ सुटली.

"खोडीचं जनावर गळ्यात मारलं मास्तरनं," मी म्हणालो. "जुनं, मोडकं. वरून पुसून दिलं."

मेहुण्याला आधी गंमतच वाटली. त्यानं स्क्रू ड्रायव्हर मागितला, ओट्यावर बसून रीळ उघडलं. आत मीठ. त्यानं त्यावर बोट फिरवलं आणि बोट जिभेला लावलं. मग त्याचं हसू गेलं.

"दाजी, हे एकदाही धुतलेलं नाही."

"रोज धुतलं."

"एकदाही नाही. ताई, तू होतीस ना तिथं? यांना धुताना बघितलंस कधी?"

बायको ओवाळणीचं ताट घेऊन दारात आली होती. निरांजन लावलेलं. कोकणातल्या त्या घरी संध्याकाळी ती आत चुलीपाशी असायची, तिनं काहीच बघितलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या नजरेला नजर दिली, हलवली नाही.

"चाळीस वर्षं ह्यांनी कुनाच्या जनावराची खोड लपवली न्हाई," ती भावाला म्हणाली. "तुज्या एका चक्रापायी खोटं बोलतील व्हय?"

"मग मी खोटा?"

"तू चुकला आसशील."

"मी चुकलो की मी खोटा? नीट सांग, ताई. पाहुण्यांसमोर सांग."

ती निरांजनाची वात पुढं सारत राहिली. त्यानं रीळ ओट्यावर ठेवलं, पिशवी उचलली आणि ओवाळून न घेता निघून गेला. वेशीपर्यंत मुलगी मागे धावली, तो थांबला नाही. जेवणं झाली. मी दुसऱ्यांदा बासुंदी मागून घेतली, हे मला स्पष्ट आठवतं.

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. भाऊ जिवंत असताना माझ्या बायकोनं सहा वर्षं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. माझा शब्द खरा राहावा म्हणून. त्यानं पत्र पाठवलं, तिनं उत्तर लिहिलं नाही. नवऱ्याला खोटं म्हणणाऱ्याशी तिचं नातं नव्हतं. मी ओट्यावर बसून बघायचो आणि वेळ झाली की जेवायला मागायचो.

ती गेली, ते मी त्याला तीन दिवसांनी कळवलं. दहाव्याला आला, लांब उभा राहिला, कुणाशी न बोलता गेला.

गेल्या वर्षी मी एकटा त्याच्या गावी गेलो. घरी नव्हता, खडकावर होता. मागे वळून न बघताच म्हणाला, "कशाला आलात?"

"सहज."

"घोडेगावहून इथं सहज कोणी येत नाही." जरा वेळानं त्यानं जुनी काठी माझ्याकडे सरकवली. "उभे आहातच तर टाका."

मी टाकलं. तासभर आम्ही टाकत आणि गुंडाळत राहिलो. एक टोळ मासा लागला आणि उडी मारून सुटला. "हात विसरला नाही तुमचा," तो म्हणाला. "बाकीचं माहीत नाही."

"मास्तर, ते रीळ..."

"ते मला कशाला सांगताय? मी चाखून बघितलंय. जिला ठाऊक नव्हतं तिला सांगायचं होतं." आता तो वळला. त्याचे डोळे अगदी बहिणीसारखे आहेत, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. "सांगितलंत तिला?"

आणि मी म्हणालो, "सांगितलं. शेवटी शेवटी."

"काय म्हणाली?"

"भावाला बोलवा म्हणाली. मग वेळच मिळाला नाही."

तो खडकावर बसला आणि साठी उलटलेला तो माणूस पोरासारखा रडला. मग मला घरी नेलं, भात घातला, स्वतःची खाट दिली. सकाळी एसटीपर्यंत पोचवायला आला. तेव्हापासून दर रविवारी फोन करतो. "दाजी, तब्येत कशी आहे?" विचारतो. पूर्वी तो माझा द्वेष करायचा तेव्हा मी बरा होतो.

तो वाचतो सगळं. हेही वाचेल. फोन बंद होतील, आणि व्हायलाच पाहिजेत. मुलीनं आणि व्याह्यांनीही वाचावं. त्या दिवशी ओट्यावर एकच माणूस खोटं बोलला, आणि तो मेहुणा नव्हता. खडकावर मी दुसऱ्यांदा खोटं बोललो.

खरं घडलं ते असं. नगरच्या दवाखान्यात दुपारची वेळ होती. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती, खोलीत आम्ही दोघंच. बायकोनं डोळे उघडले आणि अगदी शांतपणे विचारलं, "अवो, एक खरं सांगाल? मी कुनाला सांगनार न्हाई. धुतलं हुतं का वो ते?"

मी तिच्या अंगावरची चादर नीट केली. म्हणालो, "झोप आता. डॉक्टरनं बोलू नको म्हणून सांगितलंय."

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिनं डोळे मिटले. त्या वेळी म्हणायचं होतं ते एवढंच होतं: न्हाई धुतलं. तुजा भाऊ खरा हुता. मी तुला त्याच्यापासून तोडलं, मला माफ कर.