हमालाची चाल

पेन्सिलीला टोक करताना लाकडाचा वास आला की मला अंधेरीची ती पत्र्याची शेड आठवते. तिथे आम्ही जाहिरातींसाठी हलती कार्टून काढायचो. पाठदुखीच्या मलमाची जाहिरात होती आणि माझा हमाल पाठीवर गोणी घेऊन नाचल्यासारखा चालत होता. "गोणीत कापूस भरलास काय रे?" मालक खेकसले. "वजन दिसू दे, नाहीतर काम दुसऱ्याला देतो." त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या भावाची तान्ही मुलगी तापाने गेली. दात न आलेल्या मुलाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. बाप हातांवर घेऊन जातो. तांदळाचं पोतं एका दमात दोन जिने चढवणारा दादा ते एवढंसं गाठोडं घेऊन वाकून चालला होता. प्रत्येक पावलाआधी तो थांबायचा, गुडघे दुमडायचे, मग सगळा तळवा एकदम जमिनीवर पडायचा. त्याच्या मागून मी रडत चाललो होतो आणि पावलं मोजतही होतो. तीन दिवसांनी कामावर गेलो आणि ती चाल हमालाला दिली. "झकास! आता भरली गोणी," मालक म्हणाले. पुढे कधीतरी दादाला सिनेमाला नेलं, तर सुरुवातीलाच ती जाहिरात लागली. हमाल वाकून चालायला लागला आणि सगळं थिएटर हसलं. दादा हसला नाही. त्याने हळूच विचारलं, "गोणीत काय भरलंयस रे?" दादाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण ओझं घेतलेला कुठलाही माणूस काढायला बसलो, की माझा हात अजून त्याचीच चाल काढतो.