अंदमानाला निघालेलं गाठोडं

नवसाबाईचं अर्धं अंग अंदमानाला निघून गेलं होतं आणि उरलेलं अर्धं नाशकात मेथी निवडत बसलं होतं. हे लोक म्हणत नव्हते, ती स्वतःच म्हणायची. जाता-येता कोणी विचारलं, "काय नवसाबाई, निघाल्या का?" की हातातली जुडी झटकून ती म्हणे, "निघाले की! गाठोडं पुढं गेलंय. हा मागं राहिलेला भार तेवढा न्यायचाय."

त्या गाठोड्याची गोष्ट अशी.

नवसाबाई सायखेड्याची लेक. आईबापांनी वणीच्या देवीला नवस बोलून मागून घेतलेली, म्हणून हे नाव. "नवसाची म्हणून जपली आणि जपून जपून पार भित्री करून ठेवली," असं तीच सांगे. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी जन्मली, पण पाणी कधी घोट्याच्या वर चढू दिलं नाही. गंगेवर आंघोळीला गेली तरी काठावर बसून तांब्यानं. लग्न होऊन नाशकात आली, त्र्यंबक रस्त्याकडच्या सरकारी वसाहतीत संसार मांडला, दोन मुली उजवल्या. पन्नाशी उलटली तरी तिचा प्रवास म्हणजे वर्षातून एकदा वणीचा गड आणि अडीअडचणीला सटाण्याची नणंद. बाहेर जायची गरजच काय? सगळा देश पुण्य करायला नाशकाला येतो. "मग आपण काय पाप करायला बाहेर जायचं?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

ते वाक्य मोडलं चौऱ्याऐंशी सालच्या गणपतीत. वसाहतीच्या मंडळानं मैदानात पडदा बांधला, पण सिनेमाची रिळं आलीच नाहीत. मग तिच्या यजमानांच्या, जयरामरावांच्या, कचेरीतल्या एका साहेबांनी आपण अंदमानात काढलेले रंगीत फोटो पडद्यावर मोठे करून दाखवले. समुद्राच्या पाण्यात मुळं सोडून उभं असलेलं रान. नारळाच्या झाडावर चढणारा परातीएवढा खेकडा. आणि पाण्याच्या तळाशी पोवळ्यांची बाग. कुठं फुलकोबीच्या गड्ड्यासारखी, कुठं हरणाच्या शिंगांसारखी, आणि तिच्यातून निळे-पिवळे मासे आपल्याच परसात फिरावं तसे फिरत होते. पोरं ओरडायला लागली, बाया चटया गुंडाळून उठल्या. नवसाबाईचा हात आपल्या गळ्यातल्या पोवळ्याकडं गेला. सोनाराच्या डबीत मिळतं ते हे, असं झाडासारखं उगवतं होय!

घरी येताना ती म्हणाली, "अहो, एवढा रंग देवानं पाण्याच्या खाली नेऊन ठेवला. बघायला कोणी नाही. मी पुरण घातलं आणि कोणी 'छान झालंय' म्हणालं नाही, तर मला दिवसभर लागून राहतं. त्याला कोणी जाऊन सांगायला नको?"

"आणि ते सांगायला तू जाणार?" जयरामराव हसत हसत वाटेतच थांबले. "रामकुंडाच्या पायरीवर तुझे पाय कापतात. तिथं चार दिवस जहाजात बसावं लागतं, ठाऊक आहे का?"

"कापू देत. कापत कापत जाईन."

जयरामराव हेडक्लार्क होते. सरकार चार वर्षांतून एकदा नोकरदाराला बायकोसह देशात कुठंही जायचं भाडं देई. आजवर ही सवलत त्यांनी एकदाही घेतली नव्हती. रजा शिल्लक टाकायची आणि घरी बसून ती मोजायची, हीच त्यांची चैन. पण येत्या मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. पदरच्या पैशानं अंदमानाला जायची दोघांचीही छाती नव्हती. म्हणजे आत्ता नाही, तर या जन्मी नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी कुरकुरत अर्ज केला. मद्रासहून उत्तर आलं की जागा मिळेल, जहाजाची तारीख मागाहून कळवू.

इथवर सगळं ठीक होतं. मग नवसाबाई गुरुजींकडं मुहूर्त विचारायला गेली.

गुरुजींनी पंचांगात बोट फिरवलं. "दिवाळीनंतर एक दिवस उत्तम आहे. त्याच्या पुढं तुमच्या राशीला प्रवास बरा नाही."

"पण जहाजाची तारीखच नाही हो आली."

"मग प्रस्थान ठेवा ना बाई! विसरलात का?"

नवसाबाई खरंच विसरली होती. तिच्या आजोबांच्या काळची ही रीत. चांगल्या दिवशी स्वतः निघता येत नसेल, तर बरोबर न्यायचं काहीतरी, सुपारी, तांदूळ आणि हळकुंड घालून, त्या मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं. मग पाय कधीही उचलावा, दिवसाचा दोष लागत नाही. मात्र गुरुजींनी दोन अटी सांगितल्या. एका घरी पाच रात्रींच्या वर ठेवायचं नाही, पुढं न्यायचं. आणि काही झालं तरी परत घरी आणायचं नाही. परत आलं की प्रस्थान मोडलं.

शहाण्या बाईनं एखादं धुतलं पातळ बांधलं असतं. नवसाबाईला वाटलं, देवाला आपला निश्चय कळला पाहिजे. तिनं आपलं एकुलतं एक इरकल, लोकरीची शाल आणि डोकेदुखीच्या बामची नवी कोरी बाटली असं सगळं गाठोड्यात घातलं, हळदकुंकू वाहिलं आणि समोरच्या दारात राहणाऱ्या चिमणाबाईकडं नेऊन ठेवलं.

तिसऱ्याच दिवशी तिचं डोकं उठलं. बाम गाठोड्यात. गाठोडं घरी आणायचं नाही. मग ती कपाळ धरून चिमणाबाईकडं गेली, तिथंच गाठ सोडली, तिथंच बाम चोळला आणि परत आली. चिमणाबाई दारात उभी राहून म्हणाली, "नवसाताई, अंदमानाला जाऊन आल्या का? हवा कशी हाय तिकडची?"

"थंड आहे ग," नवसाबाई म्हणाली. "कपाळाला फार झोंबते."

जहाजाची तारीख काही येईना. पाच रात्री झाल्या, गाठोडं वसाहतीच्या टोकाला राहणाऱ्या चतुराबाईकडं गेलं. आणखी पाच झाल्या, ते नाशिकरोडला, स्टेशनामागं राहणाऱ्या चुलतबहिणीकडं गेलं. आता डोकं दुखलं की नवसाबाईला सिटी बसनं जावं लागे. नवी बाटली विकत घ्यावी, हे तिला सुचलं नाही असं नाही. पण प्रस्थानातला बाम असताना दुसरा आणणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास दाखवणं, असं काहीतरी तिनं डोक्यात घेतलं होतं. तिच्या डोक्यात एकदा शिरलेलं बामनंसुद्धा निघत नसे.

इकडं वसाहतीत ती निघालेली बाई झाली होती. बाया ओटीचे नारळ घेऊन येऊ लागल्या.

"तिकडं देव कोणता हो?" चतुराबाईनं विचारलं.

"देव म्हणजे... समुद्रच की."

"मग माझा नारळ फोडायचा का सोडायचा?"

"सोडीन."

"आणि त्यो खेकडा आला तर? त्यो नारळ खातो म्हणं!"

"खाऊ दे. त्याच्याही पोटी देवच आहे," असं नवसाबाई म्हणाली खरी, पण परातीएवढा खेकडा डोळ्यांपुढं आला तशी तिनं तो नारळ उचलून दाराआड ठेवला. असे सात नारळ घरात जमले. जहाज बुडालं तर ते या नारळांच्या भारानं बुडेल, असं जयरामराव म्हणायचे.

जयरामराव या सगळ्याची मनमुराद थट्टा करत. "आमच्या हिचं गाठोडं आमच्या हिच्यापेक्षा हुशार. ते निदान नाशिकरोडला तरी पोचलं." पंचांगाला ते कॅलेंडरचा आजा म्हणत. जानेवारीत कळलं की जहाज दुरुस्तीला गेलं आहे. तेव्हा नवसाबाई देवापुढं जरा जास्तच वेळ बसली. वाईट वाटलं, हे खरं. पण वाईट वाटताना खांदे हलके का झाले, हे तिला कळेना. आणि कळलं तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. वाघाच्या शिकारीला निघालेल्यानं वाघ घरी नाही म्हणून पेढे वाटावेत, तशी गत.

दर पाच रात्रींनी शेजारी हलवता हलवता चुलतबहिणीला गाठोडं जड झालं. मग नवसाबाईनं ते मनमाडला पाठवलं. तिथं तिचा मावसभाऊ नाथा रेल्वेत होता, आणि मद्रासची वाट मनमाडवरूनच जाते, म्हणजे गाठोडं योग्य दिशेनं चाललं होतं. नाथा भला माणूस. पाच रात्री झाल्या की शेजारच्या दारी हलवायचा. "अक्का, काळजी नको करू," असा त्याचा निरोप आला. "गाठोडं मजेत हाय."

आणि फेब्रुवारीत तार आली. जहाज निघणार. गाठायचं तर गुरुवारीच नाशिक सोडायला हवं.

नवसाबाईनं पंचांग उघडलं. गुरुवार, दक्षिण दिशेला जायला वर्ज्य. वर अमावस्या.

तिनं भीत भीत ते सांगितलं, आता थट्टा होणार म्हणून कानही बंद केले. पण थट्टा झाली नाही. जयरामराव खुर्चीत ताठ बसले.

"अमावस्या? बघ नीट बघ. अमावस्येला समुद्राला उधाण असतं. मग राहू दे. तुझं मन मोडायला नको."

नवसाबाईनं पंचांग मिटलं. तीस वर्षं या माणसाच्या ताटात भाकरी वाढली, आणि तो आपल्याइतकाच भितो, हे आज कळलं! इतके महिने तिच्या पंचांगाच्या आड तोही लपून बसला होता. एका पदराखाली दोघं, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच.

"माझं मन कुठं मोडतंय?" ती म्हणाली. "मी दिवाळीलाच निघालेय. निघालेल्या बाईला अमावस्या लागत नाही. तुमचं काय ते तुम्ही बघा."

"माझं प्रस्थान कुठं ठेवलंयस?"

ते खरंच ठेवलं नव्हतं. दिवाळीपासून घर डोक्यावर घेतलं, आणि यजमानांची सुपारीसुद्धा दाराबाहेर टाकली नव्हती. तिनं त्यांचा टॉवेल घेतला, सुपारी-तांदूळ बांधले आणि बुधवारी सकाळी चांगली वेळ बघून चिमणाबाईच्या हातात दिला.

"किती दिवस ठेवू?" चिमणाबाईनं विचारलं.

"उद्यापर्यंत. पण मानानं ठेव. हेडक्लार्क आहेत."

गुरुवारी ते निघाले. जयरामराव चिमणाबाईच्या दारातून घेतलेला टॉवेल गळ्यात घालून, नवसाबाई सात नारळांची पिशवी घेऊन. मनमाडला गाडी बदलायची होती. नाथा फलाटावर हजर होता, पण हात मोकळे.

"अक्का, इथं शेजारपाजार संपला ग. मग पुढं दौंडला पाठवलं. माझा साडू गोटीराम हाय तिथं. तुम्हाला दौंडलाच गाडी बदलायचीय ना? सहा दिवस झाले पाठवून."

"सहा?" नवसाबाईनं मनात बोटं मोजली. "जाऊ दे. एक रात्र वर झाली तर देव काय तारीख लिहून ठेवतोय?"

दौंडला पहाटे उतरले. गोटीराम मफलर गुंडाळून उभा होता, आणि त्याचेही हात मोकळेच.

"रामराम अक्का. तुमचं गाठोडं कालच नाशकाला रवाना केलं."

"नाशकाला?" जयरामराव ओरडले.

"मग काय करू? पाच राती झाल्या, तुमचा पत्ता नाय. पुढं सोलापूरकडं माझं कोणी नाय. नाथानं तर निक्षून सांगितलेलं, पाचाच्या वर ठेवायचं नाय. आमचा एक गार्ड तिकडंच चालला होता. म्हटलं, नाशकात घरपोच कर. आता पोचलं बी असंल." एवढं बोलून तो शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

जयरामराव मटकन ट्रंकेवर बसले. "मोडलं. घरी परत गेलं म्हणजे मोडलंच. आणि निघालो ते अमावस्येला. चल, त्या फलाटावर मनमाडची गाडी उभी आहे. आपण काही भ्यालो नाही, शास्त्रच आडवं आलं."

नवसाबाईनं त्या फलाटाकडं पाहिलं. असं कारण पुन्हा मिळायचं नाही, हे तिला कळत होतं. नाव शास्त्राचं, चूक गोटीरामची. वसाहतीत कोणी हसणार नाही. गुरुजीसुद्धा मान डोलावतील. समोर परतीची गाडी धूर सोडत उभी होती, आणि डबे रिकामे होते. तिनं डोळे मिटून गडावरच्या देवीला हात जोडले. देवीनं काहीच सांगितलं नाही. देवी सांगत नसतेच. तिच्यापुढं उभं राहिलं की आपण किती कारणं आणलीत तेवढं दिसतं.

तिनं डोळे उघडले आणि तिला हसू फुटलं. इरकल नाशकात, शाल नाशकात, बाम नाशकात. चार महिने गाठोडं हिंडलं आणि बाई घर राखत बसली.

"अहो," ती म्हणाली, "आता ते घर राखील. दोघांनी एकदम घरी बसायचं काय काम?"

"आणि दोष?"

"लागला तर मला लागेल. तुमचा टॉवेल शुद्ध आहे."

तेवढ्यात मद्रासची गाडी आली. जयरामराव ट्रंकेवरून उठेनात, म्हणून तिनं गोटीरामला ट्रंक उचलायला सांगितली, आणि मग त्यांना उठावंच लागलं. ती पुढं चढली. खिडकीपाशी बसून तिनं नारळांची पिशवी पायांशी घेतली. अंगावर नेहमीचं, धुऊन विटलेलं पातळ होतं आणि हातपाय अजून कापत होते.

गाडी हलली. गोटीराम खिडकीबरोबर चालत होता, चेहरा जरा उतरलेला. नवसाबाईनं डोकं बाहेर काढलं.

"भाऊ, फार उपकार झाले हो तुमचे!"

गोटीराम खुलला. "त्यात काय अक्का! पुन्हा कधी पाठवायचं असंल तर सांगा!"

"उपकार?" जयरामरावांनी विचारलं. "कसले?"

"गाठोडं घरी बसलं, तेव्हा कुठं बाई निघाली," नवसाबाई म्हणाली. ती पिशवीतले नारळ मोजत होती. सातांपैकी एक खायला घ्यावा की काय, या विचारात होती.