दार वाजाड, माय

समोर काहीही येवो, बाई मधल्या बोटाच्या पेरानं ते दोनदा ठोकायच्या. टक, टक. वर्गातलं बाक, स्टाफरूमचं कपाट, मोलगीच्या बाजारातला भोपळा, जीपचं बॉनेट. एकदा माझा डबाही ठोकला, आणि त्यातली भाजी त्यांच्याच पोळीवर गेली. तुमच्याही शाळेत अशा एखाद्या बाई असतील, आधी आवाज येतो आणि मागून त्या. आमच्या बाईंचं त्यामागचं वाक्यही ठरलेलं होतं. "दार वाजाड, माय. कवलोंग उभी ऱ्हाशी?" म्हणजे दार वाजव, कुठवर उभी राहशील?

बाई खालच्या सपाटीवरच्या, ब्राह्मणपुरीच्या. घरी केळी-पपईची शेती, आणि नोकरी मात्र मोलगीजवळच्या आमच्या डोंगरातल्या निवासी शाळेत. मी तिथं गणित शिकवतो. बाई मराठी शिकवायच्या, तेही निम्मं अहिराणीतून. मुलं घरी भिली बोलणारी. तरी सगळ्यांना सगळं कळायचं. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

एका वर्षी आमचा एक हुशार मुलगा दहावी होऊन अकरावीसाठी खाली गेला आणि प्रवेश न घेताच परत आला. काय झालं विचारलं, तर म्हणाला, "ऑफिसबाहेर उभा होतो, सर. कोणी बोलावलंच नाही." आम्ही मास्तरांनी कपाळाला हात लावला. बाई तेवढ्या त्याच्या पाड्यावर चालत गेल्या. तिथं झालं असं, की त्या सरळ त्याच्या घराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि आतली म्हातारी दचकली. तिकडे पाहुणा असा दारात जात नाही. तो अंगणात थांबतो, घरातलं कोणी येऊन 'ये' म्हणालं की मग आत.

"त्यानी रीत खोटी नही, सर," परतल्यावर बाई म्हणाल्या. "पन आफिसना दारले ती रीत समजत नही." तोवर प्रवेश संपले होते, आणि पुढं तो मुलगा आईबापांबरोबर गुजरातला ऊसतोडीला निघून गेला.

त्या हिवाळ्यापासून दर रविवारी दहावीच्या मुलांची तालीम सुरू झाली. स्वयंपाकघराची वाढायची खिडकी म्हणजे कॉलेजचं ऑफिस, आणि आतला कारकून मी. मी म्हटलं, शिपायाला बसवा की. बाई म्हणाल्या, "तुमनं तोंड पैलेपाईन कारकूननंच शे." खिडकी लावून बसायचं, वाजवली तरी सावकाश उघडायची आणि मान वर न करता 'उद्या या' म्हणायचं, एवढीच माझी भूमिका. खिचडीच्या वाफेत बसून मी ती इतकी मन लावून केली, की पाचवीतली पोरं मला रस्त्यात टाळायला लागली. मुलांनी 'उद्या या' ऐकून जागचं हलायचं नाही, उलट विचारायचं, 'आज का नाही?' बाईंच्या मते कॉलेजचा पहिला धडा हाच होता. बाकीचं विज्ञान नंतर.

सविता नावाची मुलगी वर्गात पहिली, पण खिडकीसमोर धोंडा. तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या पाड्यावरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खाली न्यावं लागतं, आणि तिची मावशी वाटेतच गेली होती. त्यासाठी अकरावी सायन्सला प्रवेश हवा होता. पण हात उचलायचा आणि खाली यायचा. हिवाळा सरता सरता तिनं एकदाची खिडकी वाजवली. मी गुरगुरलो, "उद्या या." ती म्हणाली, "बरं," आणि निघाली. बाई हसता हसता भिंतीला टेकल्या.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिला जीपनं घाट उतरून खाली आणलं. तिचे वडील मजुरीला लांब गेलेले. बाईंनी फाटकाबाहेर लिंबाखाली बैठक मारली. आत जायचं ते तिनं एकटीनं, हा त्यांचा नियम. समोर व्हरांडा दिसत होता. ऑफिसचं दार सताड उघडं होतं. आम्ही बंद खिडकी वाजवायला शिकवली होती, उघड्या दाराचं काय करायचं ते राहूनच गेलं होतं. सविता व्हरांड्यात उभी राहिली ती राहिलीच. दुपार कलली. मी उठलो, तर बाईंनी माझा शर्ट धरला.

"बसा. आज तुमी गयात, तं ती जनमभर तुमलेच धुंडत ऱ्हाई."

मी पाणी प्यायच्या निमित्तानं व्हरांड्यातल्या टाकीपाशी गेलोच. तेवढ्यात सवितानं उघड्या दाराच्या फळीवर हात मारला. टक, टक. आतून न बघताच आवाज आला, "उद्या या."

"आज शेवटची तारीख आहे, साहेब," सविता म्हणाली. "आज का नाही?"

आत खुर्ची करकरली. "बरं, आण इकडे." मी रिकामा पेला तोंडाला लावून उभा होतो. गणिताच्या मास्तरला शोभणार नाही इतकं रडू येत होतं.

मी लिंबाखाली परतलो, पण ती बाहेर येईना म्हणून पुन्हा जीव टांगणीला. मग आली, आणि तिच्या मागून दोन पोरं आणि एक पोरगी. तिघंही डोंगरातली, दुसऱ्याच कुठल्या शाळेची. सकाळपासून व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला, आमच्या नजरेआड उभी होती, कोणी बोलवेल म्हणून. तिघांच्याही हातात प्रवेशाची पावती.

"यास्ले कोन लई उनं?" बाईंनी विचारलं.

"मीच आत बोलावून नेलं," सविता म्हणाली. बाईंनी तिच्या डोक्यावर दोनदा ठोकलं आणि पदरानं तोंड पुसलं. परतीच्या घाटात जीपमध्ये अशी गाणी झाली, की ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायचं सोडून दिलं.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. यंदाच्या तालमीला या म्हणून मी फोनवर गळ घातली. "मी येत नही," त्या म्हणाल्या. "आते मन्हाबिगर व्हवाले पाह्यजे." मी फुगलो. रविवारी खिडकी लावून आत बसलो, पण बाहेर बाई नाहीत तर तालीम घेणार कोण?

टक, टक. मी सवयीनं ओरडलो, "उद्या या!"

"कवलोंग उभी ऱ्हासू, सर?" बाहेरून सवितानं विचारलं. नर्सिंग कॉलेजातून सुट्टीवर आली होती, आणि घरी भिली बोलणारी ही पोरगी चक्क बाईंची अहिराणी बोलत होती. तिच्या मागं दहावीचा अख्खा वर्ग उभा होता.

मी बाईंना फोन लावून खिडकीपाशी धरला. एकेक पोर पुढं येऊन वाजवत होतं, कोणी हळू, कोणी खिडकी मोडेल असं. सगळ्यांचं झालं. मी फोन कानाला लावला. पलीकडून आवाज आला.

टक, टक.