पावतीच्या फायलीला हात लावू नको

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत मी पुण्याची नोकरी सोडून मंचरला मेव्हण्याबरोबर सॉफ्टवेअरचा धंदा काढला होता. गिऱ्हाईक एकच, कळंबची दूध डेअरी. ते गेलं की शटर खाली, आणि सासरी तोंड दाखवायची सोय नाही.

डेअरीच्या पावत्यांवर चौकटी आधीच छापलेल्या असायच्या, आमचा प्रोग्रॅम त्यांत फक्त आकडे टाकायचा. कुठल्या चौकटीत काय पडायचं ते मी एका फायलीत मोकळ्या जागा सोडून सोडून बसवलं होतं. मेव्हण्याने कुठूनसं कोड नीटनेटका करणारं टूल आणलं. त्याच्या लेखी मोकळी जागा म्हणजे निव्वळ कचरा. झालं! लिटरचा आकडा फॅटच्या चौकटीत जाऊन बसला. एक म्हातारबा पावती नाचवत म्हणाले, "आमच्या म्हशीला बारा फॅट कवापासून लागाय लागली?" रांग हसली. चेअरमन हसले नाहीत. "भाऊ, परत असं झालं तर हे कॉम्प्युटरचं मशीन उचलून न्या."

मी टूलच्या सेटिंगमध्ये पावतीचा अख्खा फोल्डर वगळला. फाईल पुन्हा नीट बसवायला मेव्हण्याला सांगितलं. संध्याकाळी दुकानातच छापून पाहिलं, तर परत बारा फॅट. सेटिंग वाचलं, पुन्हा वाचलं. अगदी बरोबर. भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी राहिलं.

शेवटी मेव्हण्याला विचारलं. तो थंडपणे म्हणाला, "दाजी, मूळ फोल्डरला मी हातच लावत न्हाई. त्याची कॉपी काढतो, तिच्यात काम करतो, तिच्यावर टूल फिरवतो, अन् तीच डेअरीला देतो. घरी बियाण्याचा कांदा बाजूला ठेवतो ना, तसं."

म्हणजे टूलने बियाणं इमानेइतबारे सांभाळलं होतं आणि डेअरीला जाणारा माल रगडून काढला होता.

"मग हे मला सांगायचं कुणी?"

"तुमी इचारलं कुठं?"

दातओठ खात मी कॉपीही वगळली आणि तिच्यातली फाईल स्वतः पुन्हा बसवली. सकाळी डेअरीत पावती चोख निघाली. चेअरमननी प्रत्येक चौकट तपासली. मला हुरूप आला. गाईचं दूध वेगळं दाखवू, महिन्याचा हिशेब आपोआप काढू, असं मी सांगायला लागलो, तसा त्यांनी हात वर केला.

"पावती बराबर येतीय ना? मंग आता तुमी दोघांनी ह्या मशीनच्या वाटंला जायचं न्हाई. दूध घालायला या, खुशाल."

गिऱ्हाईक टिकलं. पण मी लिहिलेला पहिला प्रोग्रॅम डेअरीतलं कुणीही चालवायचं, आणि त्याला हात लावायची मनाई होती ती फक्त आम्हा दोघांना. याचा राग मला अजून येतो.