भोंगाकाकांच्या खिशातला फवारा

आमच्या इमारतीत पक्की बातमी होती: भोंगाकाका नाकानं नशा करतात. बातमीचा उगम तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाई. डोळे बारीक करून, आवाज नरड्यात दाबून: "अगं, मी स्वतः पाहिलं! खिडकीत उभे, नाकात फुस्स! आणि जरा वेळानं चेहरा कसा, जहागीर मिळाल्यासारखा!"

पाहिलं ते खरं, पण नशा नव्हती ती. माझ्या या थोरल्या काकांचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. सकाळ-संध्याकाळ मॉर्फिनच्या गोळ्या चालूच होत्या, तरी खुर्चीतून उठताना किंवा नुसतं खोकतानासुद्धा, गोळ्यांना न जुमानता कळ यायची. मग काका टेबलाची कड धरायचे आणि त्यांचा आवाजच जायचा. जन्मभर बसस्थानकात माइकवर गाड्या पुकारलेल्या माणसाचा आवाज!

घरी येणाऱ्या नर्सबाईंनी या कळेवर तीन उपाय करून पाहिले. काकांनी ते लगेच आपल्या भाषेत बसवले. "प्रवाशांनी लक्ष द्यावं," नाकातून सूर लावून ते म्हणायचे, "गिळायची गोळी म्हणजे सर्व थांबे घेणारी गाडी. ती येईतो प्रवासी रडून दमलेला असतो. जिभेखालची गोळी जरा जलद, पण आमचं तोंड पडलं कोरडं. विरघळायला थुंकी कुठाय? गाडी फलाटावरच उभी! आणि नाकातला फवारा... विनाथांबा!"

"विनाथांबा आहे म्हणून सारखी सोडायची नाही हं," नर्सबाई हसून दटावायच्या. "आणि एका कळेला एकच औषध. गोळी गिळली तर वर फवारा नाही."

हे सगळं मला तोंडपाठ होतं. काकांची नक्कल मी काकांसमोरच करायची, फर्माईशही त्यांचीच.

फवारा आल्यापासून काका पुन्हा जेवायला आमच्यात बसू लागले होते. तेवढ्यात शिवणवाल्या बाईंची बातमी जिना चढून काकूपर्यंत आली. काकू जन्माची भिडस्त. "चारचौघांत नका हो ते काढू. गोळी घ्या ना, गोळीला कोणी नावं ठेवत नाही." दुखण्यावर सांगितल्याप्रमाणे घेतलेलं औषध म्हणजे व्यसन नव्हे, हे नर्सबाईंनी परोपरीनं समजावलं. काकूनं मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं.

मग स्थानकात काकांचा निरोप समारंभ ठरला. काकांना एकच हवं होतं: शेवटची एक गाडी आपण पुकारायची आणि माइकवरूनच सगळ्यांचा निरोप घ्यायचा.

टॅक्सीत काकू पुढे बसली होती. मी मागून कुजबुजले, "कळ आली तर फवारा काढाल ना?"

"नाही काढणार."

"काढाल! लावता पैज?"

"लावली. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर शिवणवाल्या बाईंची नक्कल त्यांच्याच दारात कर. मी जबाबदार."

समारंभाला सगळे चालक-वाहक होते, आणि पहिल्या रांगेत आमची अख्खी इमारत. काका उठले, माइक हातात घेतला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं..." हशा, टाळ्या. पुढचा शब्द आलाच नाही. त्यांच्याबरोबर कळही उठली होती. त्यांचा हात खिशाकडे गेला. काढा, काढा, मी मनात ओरडत होते. काकूनं पाहिलं ते काकांकडे नाही, पहिल्या रांगेकडे. तेवढं काकांना पुरलं. खिशातला हात रिकामाच बाहेर आला. त्यांनी खुणेनंच पाणी मागितलं, सगळ्यांदेखत गोळी गिळली आणि माझ्या खांद्यावर भार टाकून तिकीटखिडकीमागच्या खोलीत आले.

तिथं ते पार्सलच्या पोत्यावर वाकून बसून राहिले. आता फवारा घेऊन चालणार नव्हतं. बाहेर साहेबांनी भाषण लांबवून पाहिलं, शेवटी आवरलं. गाडी काकांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी पुकारली. कपबशा गोळा व्हायला लागल्या, खुर्च्या आवाज करत एकावर एक चढल्या, तेव्हा कुठे गोळी पोचली आणि काकांची मान वर झाली.

काकू दारात उभी होती. "मी आज नको म्हटलं नव्हतं हो," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

"नव्हतंस म्हटलं," काका म्हणाले. "मलाच धीर झाला नाही. त्या लोकांनी मला आजारी पाहिलेलं चाललं असतं गं, नशेबाज समजलेलं नाही." मग माझ्याकडे वळले. "माइक बंद केला का त्यांनी?"

"हो, काका."

"हं. हरलीस मग."

"हरले."

त्यांना हसवावं म्हणून नाकात सूर लावायला गेले, तर त्यांनी बोट वर केलं. महिना सुरू झाला होता.